गालातले मणी

“बसते जरा, मग उठते.” जाळेवाली मावशी हे कुणालाही म्हणायची. दारात सुताचं बंडल घेऊन उभ्या राहिलेल्या मासेमाराला म्हणायची, शेगडीवर दूध उतू जात असताना सुनेला म्हणायची, आणि समोर कुणी नसलं तर स्वतःच्या गुडघ्यांना म्हणायची. पूर्वी या बोलण्याचा पहिला अर्धा भाग खोटा असायचा, कारण ती बसायची ती कामालाच. पुढे पुढे दुसरा अर्धा भाग खोटा पडत गेला. ती म्हणायची, आणि उठायची नाही.

नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत तिचं घर. एक लांबट खोली, मागे स्वयंपाकाची जागा, वर मुलगा-सुनेची माळ्याएवढी खोली, पुढे दोन पायऱ्यांचा ओटा. खोलीच्या आतल्या भिंतीत एक जाड खिळा होता. त्या खिळ्याला जाळ्याचं टोक अडकवायचं आणि खाली बसून विणत विणत मागे सरकायचं. जाळं वाढे तशी मावशी दाराकडे सरकत येई, आणि जाळं पुरं व्हायच्या सुमाराला ती ओट्यावर पोचलेली असे. काम कुठवर आलंय हे गल्लीला तिच्या बसण्याच्या जागेवरूनच कळायचं.

ती फेकायची जाळी करायची. असं जाळं माणूस खांद्यावर घेतो, कमरेतून झोका देऊन पाण्यावर भिरकावतो, आणि ते हवेतच गोल उघडावं लागतं. गोल उघडलं तर मासा, नाही तर सूत धुऊन आणल्यासारखं. उघडतं ते खालच्या दोरीला लावलेल्या शिशाच्या मण्यांच्या वजनानं. हे मणी एका अंगानं चिरलेले येतात, उघड्या चोचीसारखे. चिरेत दोरी घालायची आणि मणी दाबून बंद करायचा. लोक पकडीनं दाबतात. मावशी दातांनी दाबायची.

शिंपी टाचण्या ओठांत धरतो, सुतार खिळे धरतो, तशी ती मूठभर मणी गालात भरून बसायची. जिभेनं एक मणी पुढे आणायचा, दोरीवर बसवायचा, दाढेखाली धरायचा, की झालं. तिचं म्हणणं असं, की कुठे थांबायचं ते पकडीला कळत नाही. पकड दोरीचे धागे चिरडते नाही तर मणी सैल सोडते. मणी दोरीला भिडला की दाताला बरोबर कळतं. तिच्या सासूनं तिला असंच शिकवलं होतं. नवरा होता तेव्हा गमतीनं म्हणायचा, या घरात भांडण होत नाही ते शिशाच्या कृपेनं, बायकोचं तोंड निम्मा दिवस भरलेलं असतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मणी गालात राहिले. आणि तिचं जाळं पाण्यावर पडताना थांबून बघावं असंच पडायचं. ताटासारखं गोल, सगळीकडून एकदम, एकच आवाज करून. पलीकडच्या काठाचे मासेमार नदी ओलांडून तिच्याकडे यायचे, आणि ती त्यांना ताटकळत ठेवायची. त्या ताटकळत ठेवण्यातही तिला एक सुख होतं.

थकवा कधी आला हे तिला सांगता आलं नसतं. तो चोरासारखा आला नाही, पाहुण्यासारखा आला. आधी थोडा वेळ बसून गेला, मग मुक्कामाला राहिला. पाण्याची कळशी जड झाली. मग रिकामी कळशीही जड झाली. ओट्याच्या दोन पायऱ्या चढल्या की ती दाराच्या चौकटीला हात लावून उभी राही आणि श्वास परत यायची वाट बघे. पोटात मधूनच अशी कळ यायची की ती गुडघे छातीशी घेऊन पडून राही. झोप लागली तरी उठताना अंग काल टाकलं होतं तिथेच असल्यासारखं वाटायचं. चेहऱ्याचा रंग उतरला. ओठ, नखं, डोळ्यांच्या आतली कड, सगळं धुऊन धुऊन विटलेल्या सुतासारखं झालं.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सांगितलं, रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या दिल्या. मावशीनं त्या इमानानं घेतल्या, पण फरक काही पडला नाही.

रक्त कमी म्हणजे खाणं कमी, एवढं तर सगळ्यांनाच कळतं. आणि खाणं कमी म्हटलं की गल्लीच्या नजरा सुनेकडे वळल्या.

सून पावाच्या भट्टीत पाकिटं भरायच्या कामाला जायची. सकाळी निघायची, दुपार उलटल्यावर यायची. मावशीचा मुलगा होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, तो तर दिवसभर धक्क्यावरच. तेव्हा म्हातारीकडे कोण बघणार, असं शिंपीणकाकूनं पहिल्यांदा म्हटलं. शिंपीणकाकू समोरच राहायची. कपडे शिवता शिवता तिची नजर गल्लीत असायची, आणि जे दिसेल त्याला ती स्वतःकडचं थोडं कापड जोडायची. सून डब्यात स्वतःला काय नेते आणि सासूला काय ठेवते, याच्या गोष्टी नळावर होऊ लागल्या.

सुनेच्या कानावर हे आल्यावर तिनं तोंड उघडलं नाही, हात कामाला लावले. सकाळी निघण्याआधी ती दोन अंडी उकडून ठेवी, डाळ घट्ट करी, दूध झाकून ठेवी. भट्टीतून येताना मासळी आणी आणि चांगला तुकडा सासूच्या ताटात वाढी. मावशी खात असे. कळ आली तर थोडं मागे राही, पण बहुतेक सगळं खात असे. सून समोर बसून ताट रिकामं होताना डोळ्यांत तेल घालून बघायची. मावशीला ते बघणं टोचायचं. तिनं मुलाला एकदा सांगितलंही, की तुझी बायको माझे घास मोजते.

गल्लीत मात्र मावशी सुनेबद्दल वाईट कधी बोलली नाही. पण शिंपीणकाकू ओट्यावर टेकून, आवाज मऊ करून, पोटभर मिळतं ना गं, असं विचारायची, तेव्हा मावशी मणी गालात इकडून तिकडे सरकवायची आणि म्हणायची, बसते जरा. बस, एवढंच. ना हो, ना नाही. त्या जागेत गल्लीला हवं ते भरता येत होतं. आणि सून आतून ऐकत होती.

एक दिवस तिनं नवऱ्याला सांगितलं, की लोकांनी मला उपाशी ठेवणारी म्हटलं तर मी पदर झटकून टाकीन. पण आई ऐकतात आणि गप्प बसतात. ते माझ्याच्यानं सहन होत नाही. भट्टीजवळ एक खोली मिळतेय, मी तिथे जाते. तू यायचं की नाही ते तू ठरव. नवऱ्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. इंजिनाचं काय बिघडलंय ते त्याला आवाजावरून कळे, घरातलं मात्र त्याला कधीच कळलं नाही. शेवटी तोच म्हणाला, आधी मोठ्या डॉक्टरला दाखवू. मग जा.

त्याच आठवड्यात मावशीचा उजवा हात मनगटातून लोंबू लागला. बोटं मिटायची, पण पंजा वर उचलेना. विणायची लाकडी सुई हातातून सुटली, तिनं उचलली, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा तिनं ती उचललीच नाही. दवाखान्यात चल म्हटल्यावर नेहमीसारखी कुरकुर केली नाही, यावरूनच मुलगा घाबरला.

सरकारी दवाखान्यात लांब बाकांवर माणसं रांगेनं बसली होती. मावशीनं पिशवीतून एका विणून झालेल्या जाळ्याची कड काढली. नुसतं बसून काय करायचं, म्हणत तिनं डाव्या हातानं मणी गालात भरले आणि दोरी दाढेखाली धरली. नंबर आला तेव्हा ती तशीच आत गेली. सून मागे, मुलगा तिच्या मागे.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि सकाळपासून बसून त्यांचेही डोळे ओढलेले होते. त्यांनी डोळ्याची कड खाली ओढून बघितली, नखं बघितली, लोंबणारा हात बघितला. मग विचारलं, खाता काय. मावशीच्या आधी सून बोलू लागली. अंडी, डाळ, दूध, मासे, रोजचं सगळं तिनं एका दमात सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, “मी कमी घालत असेन तर तसं लिहून द्या. निदान एकदा कळू दे.”

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. मग मावशीला म्हणाल्या, “आजी, तोंड उघडा.”

“थांबा. रिकामं करते,” मावशी म्हणाली, आणि तिनं ओंजळीत मणी थुंकले. करडे, ओले, मूठभर.

डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. हे काय आहे, त्यांनी विचारलं. मावशीनं सांगितलं, शिसं. कधीपासून तोंडात धरता? लग्न झालं तेव्हापासून. त्यांनी विजेरी लावून हिरड्या बघितल्या. दातांच्या मुळाशी, हिरडीच्या कडेनं, पेन्सिलीनं ओढल्यासारखी निळसर काळी रेघ होती. त्यांनी सुनेलाही ती दाखवली. मग रक्त काढून घेतलं, आणि तोवर एकही मणी तोंडात घालायचा नाही असं बजावलं. मावशीनं मान हलवली, पण ओंजळ मिटलेलीच ठेवली.

रक्ताचा निकाल आला त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिघांनाही बसवून घेतलं. रक्तात शिसं भरलं होतं, भलतंच. लोह मात्र कमी नव्हतं. मुलाला हे पटेना. लोह आहे, खाणं आहे, तर रक्त का नाही?

मग त्यांनी जे सांगितलं ते सुनेनं पुढे पुष्कळदा, पुष्कळ जणांना सांगितलं, म्हणून गल्लीतल्या आम्हालाही पाठ झालं. त्या म्हणाल्या, अंड्यातलं, डाळीतलं, मासळीतलं जे प्रथिन असतं, ते पोट अख्खं वापरत नाही. ते उसवतं. त्याचे बारीक तुकडे होतात, अमिनो आम्लं म्हणतात त्यांना. लोकांना वाटतं, या तुकड्यांपासून नुसतं मांस होतं. मांस होतंच, पण अंग त्यांच्यापासून आणखी किती तरी वस्तू घडवतं. एका जातीच्या तुकड्यापासून केसांचा काळेपणा होतो, आणि घाबरल्यावर छाती धडधडते तो रसही त्याच जातीपासून. दुसऱ्या एकापासून झोप आणणारं रसायन होतं. आणि सगळ्यांत लहान जो तुकडा, ग्लायसिन नावाचा, त्याच्यापासून रक्ताचा लाल रंग घडायला सुरुवात होते.

तो कसा, तेही त्यांनी कागदावर काढून दाखवलं. अन्न जळताना अंगात मधेच एक पदार्थ तयार होतो, त्याला हा तुकडा जोडला जातो. अशा आठ जोड्या एकमेकींत गुंतवून त्यांचं एक कडं होतं. कड्याच्या मधोमध लोहाचा एक कण बसवतात. हे झालं हीम. श्वासातला प्राणवायू त्या लोहाच्या कणावर बसून अंगभर फिरतो. हे जोडायचं, गुंतवायचं, बसवायचं काम करणारे कारागीर अंगातच असतात, प्रत्येक टप्प्याला वेगळा. शिसं त्यांच्यातल्या दोघांचा हात धरतं. जोड्या झाल्यावर त्या गुंतवायला घेणाऱ्याचा, आणि शेवटी लोह बसवणाऱ्याचा. मग अर्धवट राहिलेलं लघवीवाटे निघून जातं, आणि लोह बाहेर ताटकळत बसतं.

मावशी कागदाकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण कड्यात कडं गुंतवलेलं तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

“म्हणजे सूत घरात पडलंय,” ती म्हणाली, “आणि विणणारीचा हात धरून ठेवलाय.”

“अगदी तसंच,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुमच्या सुनेनं घातलेलं सगळं आत पोचलंय, आजी. कमी काहीच पडलं नाही. अडलंय ते पुढे.”

सुनेनं मान खाली घातली. नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं आणि लगेच खिडकीकडे बघितलं. मावशी मात्र भलत्याच वाटेनं निघाली. म्हणाली, माझ्या सासूनं जन्मभर दातांनीच मणी बसवले, तिला कुठे काय झालं? डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, त्या कशानं गेल्या?

“कशानं नाही,” मावशी म्हणाली. “दमून गेली. सारखी दमलेली असायची.”

पुढे तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात काही आठवडे राहावं लागलं. शिसं धरून अंगाबाहेर काढणारं औषध होतं, ते घेतलं की मळमळायचं, आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. सून भट्टीतून सुटल्यावर जायची, रात्रीच्या आधी परतायची. मावशी तिच्याशी फार बोलत नसे. दोघी मिळून खिडकीबाहेरचा पाण्याचा पाइप बघत बसायच्या. कारागिरांचे हात सुटले असावेत, कारण हळूहळू नखांखाली रंग आला. मनगट मात्र अर्धंच उचलू लागलं. थकवा पुरता गेला नाही. डॉक्टर म्हणाले, हाडांत साठलेलं शिसं सावकाश निघतं, धीर धरा. धीर धरायलाही ताकद लागते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मावशी घरी आली त्या दिवशी गल्ली तिला बघायला जमली. ओठांना रंग होता, डोळ्यांत ओल होती. सगळ्यांना बरं वाटलं. शिंपीणकाकू गळ्यात मोजायची पट्टी तशीच ठेवून आली, मावशीची हनुवटी उचलून तिनं चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, “बघा, दवाखान्याचं जेवण पोटात गेलं, तर तोंडावर कसा रंग आला.”

कुणी हसलं नाही, कुणी खोडूनही काढलं नाही. सून दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं मावशीकडे बघितलं. मावशी म्हणाली, बसते जरा. सुनेनं तांब्या खाली ठेवला आणि ती वर गेली.

बायका पांगल्यावर वरच्या खोलीत ट्रंक सरकवल्याचा आवाज आला. मावशी खिळ्याखाली बसून तो ऐकत होती. खिळ्याला अर्धं जाळं तसंच लटकत होतं, ती गेली तेव्हा होतं तेवढंच. कोपऱ्यात मण्यांची डबी होती, सुनेनं तिच्यावर झाकण घालून दोरीनं बांधून टाकली होती. थोड्या वेळानं सून खाली आली ती दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. नवरा यायचा होता. तो आला की ती निघणार होती, हे सांगायची गरज नव्हती.

“खोली पक्की केलीस?” मावशीनं विचारलं.

“केली.”

“माझ्यामुळे.”

सून म्हणाली, “आई, डॉक्टरीणबाई बोलल्या ते तुम्ही ऐकलंत. मी ऐकलं. गल्लीनं नाही ऐकलं. मी सांगायला गेले तर म्हणतील, स्वतःची बाजू मांडतेय.”

मावशी जाळ्याची कड हातात घेऊन बोटांनी चाचपत राहिली. मग जे बोलली ते खालीच बघून बोलली. म्हणाली, मलाही वाटायचं, काहीतरी कमी पडतंय म्हणून मी दमते. तू वाढत होतीस ते दिसत होतं. पण दोष दुसरीकडे जात होता, ते मला सोयीचं वाटत होतं. नाही तर लोक म्हणाले असते, मावशीचे हात संपले.

“आता तर माझे दातच वाईट निघाले,” ती म्हणाली. “आणि सासूचे. तिचंही मलाच सांगावं लागणार.”

सुनेनं पिशव्या खाली ठेवल्या नाहीत.

शिंपीणकाकूला सांगायचं म्हणजे सगळ्या नदीकाठाला सांगायचं, हे मावशीला ठाऊक होतं. पलीकडच्या काठाचे मासेमार ऐकतील. ज्या दातांचं त्यांनी कौतुक केलं, त्याच दातांनी तिनं स्वतःचं रक्त अडवून ठेवलं, आणि ताट वाढणाऱ्या बाईच्या माथी खापर फुटू दिलं, असं ते एकमेकांना नावेत बसून सांगतील. जाळी ती यापुढेही विणील, पण मणी जाळं घेणाऱ्यानंच पकडीनं बसवायचे, आणि ती जाळी काकडीसारखी लांबट उघडतील. त्यावर ते हसतील. हे सगळं तिला दिसत होतं. नळावर पाणी आलं होतं, बायकांचे आवाज येत होते, त्यांत शिंपीणकाकूचाही होता.

मावशीनं डावा हात जमिनीला टेकला. उजवा टेकून उपयोग नव्हता. सून पुढे झाली, पण मावशीनं मान हलवली, तशी ती थांबली. मावशी गुडघ्यावर आली, मग चौकट धरून उभी राहिली. श्वास परत येईतो तशीच उभी राहिली. पदर सारखा केला. दोन पायऱ्या ती एकेक पाय आधी टेकवून, मग दुसरा त्याच्याजवळ आणून उतरली.

गल्ली नळाकडे थोडी चढाची आहे. ती भिंतीला हात लावत लावत निघाली. लोंबणारा हात अंगाशी धरलेला, पाय ओढत, मधे एकदा थांबून. बायकांनी तिला येताना बघितलं आणि बोलणं कमी केलं. दारात सून उभी होती. पिशव्यांचे बंद बोटांत रुतत होते, पण तिचं लक्ष तिकडे नव्हतं. नळाजवळच्या घोळक्यात मावशीची पाठ दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली.